पायऱ्यांची रेघ

आज दुपारी बेंचवर एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर लावला, तर तापमानाचा आलेख पायऱ्यापायऱ्यांनी चढताना दिसला. सेन्सर ठीकच होता. तो ज्याला जोडला त्या अर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटांचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग, एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची. एलएम३५ अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. अर्ध्या अंशाच्या आतलं काही दिसणारच नाही.

तयार यूएसबी डॅक (DAQ, सेन्सरची मोजमापं थेट संगणकात घेणारं उपकरण) घ्यायचं फार मनात होतं, पण किंमत आवाक्याबाहेर. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एडीएस१११५ या वेगळ्या, जास्त बारीक एडीसीचं नखाएवढं मॉड्यूल आणलं. १६ बिट, चार इनपुट, जोडायला चार तारा. वेग सेकंदाला जास्तीत जास्त ८६० नमुने. ऑडिओला अपुरा, तापमानाला आणि बॅटरीला भरपूर.

रात्री सेन्सरवर बोट टेकवलं आणि रेघ अलगद वर सरकली. कितीतरी वेळ नुसता बघत बसलो!