झालं का बाळा?

मंगळवार, रात्रीचे अकरा

आज दूध संपल्यावर सोन्याने पेला पालथा घातला आणि म्हणाला, "झालं का बाळा?"

हुबेहूब सासूबाईंचा हेल. त्या ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या, लाटणं हातात तसंच राहिलं. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो दाराकडे. माझं झालं, मला उठू द्या, एवढंच त्याला सांगायचं होतं. आणि त्याने ते सांगितलं.

साडेचार वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. ऐकलेलं वाक्य तसंच्या तसं म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. आधी मला ती नुसती पोपटपंची वाटायची, ती मोडायची म्हणून मी त्याला गप्पही केलंय. आताच्या स्पीच थेरपीच्या ताईंनी समजावलं की अशी मुलं बरेचदा शब्द सुटे उचलत नाहीत, आख्खं वाक्य उचलतात, ते ज्या प्रसंगात ऐकलं त्या प्रसंगासकट. आजी रोज पेला उचलताना हेच विचारतात. त्याच्या लेखी दूध संपण्याचं नावच "झालं का बाळा". त्याला चूक म्हणायचं नाही, आपण त्याच्या बाजूने म्हणायचं, "माझं झालं." मी तसं म्हटलं. त्याने पुन्हा म्हटलं नाही. न म्हणू दे.

हे वाक्य दोन वर्षांपूर्वीच आलं असतं का, हा विचार संध्याकाळपासून डोक्यातून जात नाही. निदानानंतर आम्ही ज्या पहिल्या ठिकाणी गेलो तिथे सांगितलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवा, मराठीने मूल गोंधळतं. आम्ही घाबरलेले, ऐकलं. मी आणि हे आठवून आठवून इंग्रजी बोलायचो. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या आठ महिने नातवाशी जवळजवळ बोलल्याच नाहीत. त्याच्या शेजारी बसायच्या, पाठीवर हात फिरवायच्या आणि गप्प. घरात दिवसभर सर्वांत जास्त वेळ त्याच्याजवळ असणारं माणूस आम्ही मुकं केलं. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं आणखी लांबतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तशा कळायला उशीर झालेल्या गोष्टी बऱ्याच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांना लवकर मदत मिळावी म्हणून सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, हे आम्हाला दीड वर्षाने समजलं, तेही एसटीत शेजारी बसलेल्या एका आईकडून. तोवर साताऱ्याहून पुण्याला आठवड्यातून दोन फेऱ्या, एक ओटीची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, एक स्पीचची. १९९५च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हतीच. २०१६च्या कायद्यात ती स्वतंत्रपणे आली, म्हणून आज प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी आयसा नावाची स्वमग्नता मोजायची चाचणी असते, चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सोन्याचे ११२ आले, म्हणजे मध्यम. तो आकडा बघून मी रडले होते. पण त्याच कागदावर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज भरता आला, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. साध्या विम्यात तो सहसा बसत नाही.

एका ठिकाणी स्टेम सेल म्हणजे मूलपेशींच्या उपचाराबद्दल सांगितलं, मुलगा बरा होईल म्हणाले. आमचे हे माझे दागिने मोडायच्या गोष्टी करू लागले होते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वमग्नतेसाठी तो मान्य उपचार नाही. हे ज्या आईबापांना अजून कुणी सांगितलं नसेल त्यांना कुणीतरी आजच सांगावं असं फार वाटतं.

आम्हाला खरा उपयोग झाला तो पाच मिनिटांच्या व्हिडिओचा. मी सोन्याशी खेळतेय आणि ताई मोबाइलवर टिपतायत. नंतर दोघींनी बसून बघितला. मी सारखी बोलत होते, "हे काय? सांग ना, चेंडू म्हण!" आणि त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं होतं. दोन्ही वेळा मी पुढचं खेळणं शोधत होते. गोवा आणि रावळपिंडीत अशाच पद्धतीचा एक अभ्यास झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला, असं ताईंनी सांगितलं. तिथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना त्यांचेच व्हिडिओ दाखवले, मुलाच्या इशाऱ्याची वाट बघायला शिकवलं, आणि पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. मला त्यात सर्वांत धीर वाटला तो तज्ज्ञ नसलेल्या माणसांचा. म्हणजे सासूबाईंनाही जमेल.

त्यांना जमतंच आहे. त्या घाई न करता बोलतात, तेच वाक्य, त्याच वेळी, त्याच चालीत. मला मुद्दाम शिकावं लागलं ते.

ताईंनी वही घालायला सांगितलीय: वाक्य काय, कुठून आलं, कशासाठी वापरलं. आजचं पान लिहून ठेवलं. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "आणखी काय काय बोलू त्याच्याशी?" उद्या सकाळी मटार सोलायला त्याला पाटावर शेजारी घेऊन बसणार आहेत.