माझा अनुभव: पायथॉनचा कोर्स आणि 'ऑडिओ क्वालिटी'

'कृपया ऑडिओ क्वालिटी सुधारून पुन्हा सबमिट करा.' हे वाक्य मला चार वेळा आलंय, अक्षरही न बदलता.

मी परळला रेल्वेलाईनच्या अगदी जवळ राहतो, ऑफिसात डेटाचंच काम करतो, आणि ज्यांनी एक्सेलच्या पुढे काही उघडलेलं नाही अशांसाठी मराठीत पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि पांडाज (तिच्यात डेटाचे तक्ते हाताळायचं टूल) यांचा कोर्स करायचं डोक्यात घेतलं. सिलॅबस, नोटबुक, ३१ व्हिडिओ, सगळं दोन महिन्यांत झालं. मग कोर्स ज्या प्लॅटफॉर्मवर टाकायचा तिथल्या रिव्ह्यूत अडकलो ते अडकलोच.

प्रत्येक रिव्ह्यूला दहा-बारा दिवस आणि शेवटी हेच वाक्य. अहो पण ३१ पैकी कुठला व्हिडिओ? चॅटवर विचारलं तर 'आमची टीम बघतेय'. मग मीच संशयित शोधायला लागलो. फास्ट लोकलचा हॉर्न, शेजारच्या काकूंचा कुकर, समोरच्या टॉवरचं पायलिंग. खिडकीला गाद्या लावल्या, नवा माइक घेतला, पहिले आठ व्हिडिओ परत केले, बायको म्हणाली आता मलाही गादीत गुंडाळून ठेव. पुन्हा रिजेक्ट!

चौथ्यांदा डोकं फिरलं आणि मग सुचलं की अरे, आपण शिकवतोय काय आणि करतोय काय. 'नमस्कार' म्हणायच्या आधी मी प्रत्येक व्हिडिओत दोनेक सेकंद गप्प असतो, तेवढा तुकडा कापला, त्यात आवाज किती ते पायथॉनने मोजलं आणि उतरत्या क्रमाने लावलं. ट्रेनवाले सगळे यादीच्या मधेच कुठेतरी! वरचे पाच मात्र बाकीच्यांपेक्षा खूपच वर, आणि पाचही मे महिन्यातले. पंखा!! डोक्यावरचा पंखा, जो मला स्वतःला ऐकूच येत नव्हता. तेवढे पाच पंखा बंद करून, रात्री शेवटची लोकल गेल्यावर, घामाने निथळत परत रेकॉर्ड केले. नवव्या दिवशी अप्रूव्ह. त्यामुळे कोणी कोर्स करणार असेल तर आधी एकच व्हिडिओ करून घरातल्या शांततेचा आवाज मोजा, माइक नंतर घ्या.

शिकवण्याबद्दल म्हणाल तर, इन्स्टॉलेशनमध्ये लोकांना अडकवू नका, कोलॅब, म्हणजे पायथॉन चालवायची गूगलची सोय, ब्राउझरमध्येच चालतं. पण तिथे नुसती अपलोड केलेली फाइल सेशन संपलं की जाते, हे पहिल्याच दिवशी ओरडून सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा 'फाइल नॉट फाउंड' घेऊन मेसेज येतो. फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवायला लावा.

डेटा आपला घ्या. बऱ्याच कोर्सेसमध्ये टायटॅनिकच्या प्रवाशांची यादी असते, तिच्याशी आपल्याला काय देणंघेणं? मी २००५ च्या जुलैचा पाऊस घेतला: सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी, कुलाब्याला त्याच वेळी फक्त ७३ च्या आसपास. एक आकडा महिन्याची सरासरी कशी ओढून नेतो आणि मीडियन (आकडे क्रमाने लावल्यावर मधला येतो तो) कसा जागचा फारसा हलत नाही, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. गंमत म्हणजे सगळे २६ जुलै शोधतात, पण वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून तो आकडा २७ तारखेच्या ओळीत असतो.

हां, तारखेवरून आठवलं, 'डे-फर्स्ट' (आधी दिवस, मग महिना, हे सांगणारं सेटिंग) ट्रू करायला विसरू नका, नाहीतर पांडाज ०५/०७ ला ५ जुलैऐवजी मुकाट्याने ७ मे समजतं आणि एररसुद्धा देत नाही. हा धडा त्या घामाच्या पाच व्हिडिओंमध्येच होता. त्यावर आलेला पहिला फीडबॅक: 'सर, झोपेत शिकवताय का? दीडपट स्पीडवर बरं वाटतं.'