अ‍ॅमस्टरडॅमचा समर कोर्स, मिडलबर्गचं दप्तर आणि आमची वेंगुर्ल्याची वखार

स्थलांतर आणि डीकॉलोनियल विचार (म्हणजे वसाहतींनी डोक्यात रुजवलेल्या कल्पना बाजूला ठेवून जगाकडे बघणं) यावरच्या दोन आठवड्यांच्या कोर्सला अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन आले. पुढच्या वर्षी जायचं म्हणणारे बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी व्हिसा, कारण सगळ्यात जास्त जीव तिथेच जातो. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा सिलेक्शनचा मेल आला की त्याच दिवशी अपॉइंटमेंट बघा, मे महिन्यात स्लॉट मिळता मिळत नाहीत. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो. आणि कोर्सच्या पत्रात तारखा, राहण्याचा पत्ता आणि फी भरल्याचा उल्लेख तिन्ही आहेत ना ते नीट बघा, माझ्या पत्रात पत्ताच नव्हता, नवीन पत्र मागवण्यात आठ दिवस गेले. आमच्या बॅचमधल्या घानाच्या मुलीला तर व्हिसा मिळालाच नाही, स्थलांतरावरचा कोर्स तिने एल्मिनामधल्या घरात बसून स्क्रीनवर केला, याचं मला शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं.

पोचल्यावर ट्रेन-ट्रामसाठी वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही, आपलं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, फक्त निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल आणि टॅप दोन्ही चालू करून ठेवा, आणि उतरताना त्याच कार्डाने परत टॅप करायचं अजिबात विसरू नका, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो पण वारा आणि पाऊस कधीही, छत्री उलटी होते, रेनकोटच न्या.

आता कोर्सबद्दल. पेरूचे समाजशास्त्रज्ञ अनिबाल किहानो यांचं म्हणणं वाचून जा, वसाहत संपली तरी तिने रचलेली माणसांची उतरंड संपत नाही, सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरते. मला उतरंड हा शब्द वर्गात समजावून सांगावा लागला, एकावर एक रचलेली मडकी फळ्यावर काढून दाखवली, आणि मग जातीबद्दल जे बोलणं सुरू झालं ते जेवणाच्या सुट्टीतही थांबेना. म्हणून सांगते, तिथे नुसतं ऐकायला जाऊ नका, आपल्याकडचं काहीतरी घेऊन जा. मी 1873 साल घेऊन गेले होते. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीतली गुलामगिरी कायद्याने संपली 1 जुलै 1863 ला, पण लोकांना पुढची दहा वर्षं मळ्यांवर सक्तीने राबवलं, म्हणजे खरी सुटका 1873 मध्ये. त्याच वर्षी कोलकात्याहून निघालेलं लल्ला रुख जहाज हिंदुस्थानी मजुरांना घेऊन 5 जूनला सुरिनामला लागलं, आणि त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीरावांनी गुलामगिरी छापलं, अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण करून!

त्या मजुरांची नातवंडं-पतवंडं आज नेदरलँड्समध्ये आहेत, हेगला तर खूपच. तिथे एका छोट्या दुकानात रोटी खाल्ली, आत वाटलेली डाळ भरलेली, आपल्या पुरणपोळीसारखी पण गूळ नाही, सोबत बटाटा, चवळीच्या शेंगा आणि उकडलेलं अंडं. दुकानातल्या मावशींची भाषा सरनामी, भोजपुरी-अवधीतून आलेली, माझं हिंदी त्यांना अर्धंमुर्धं कळलं. आमचे आजे कंत्राकी होते, म्हणाल्या. काँट्रॅक्टवरचे म्हणून कंत्राकी. पैसे घेताना हात धरून बेटी म्हणाल्या, मला काही बोलताच येईना.

तारखा जुळत असतील तर 1 जुलैला अ‍ॅमस्टरडॅमच्या ओस्टरपार्कला केटी कोटीला जाच, म्हणजे गुलामगिरीची साखळी तुटल्याचा दिवस. 2023 ला राजाने गुलामगिरीबद्दल माफी मागितली ती इथेच.

आणि एक अख्खा दिवस मिडलबर्गसाठी ठेवा, ट्रेनने अडीच तास. तिथल्या झेलंड अर्काइव्हमध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचं सगळं दप्तर आहे, युनेस्कोच्या यादीतलं. जहाजावरच्या डॉक्टरच्या वहीचं एक पान बघितलं, कोण कधी कशाने मेलं ते सुबक अक्षरात, पण नाव कुणाचंच नाही, नुसतं पुरुष, बाई, मुलगा, मुलगी. डच येत नसलं तरी एवढे शब्द कळतात. तिथून बाहेर पडल्यावर मी बराच वेळ पुलावर बसून होते. वीकेंडला जाऊ नका, वेळा आधी बघा, बरीच पानं ऑनलाइन स्कॅन केलेली आहेत ती घरूनच चाळून गेलात तर तिथला वेळ वाचतो.

मी मूळची वेंगुर्ल्याची. 17व्या शतकातली डच वखार आमच्या गावात अजून पडक्या भिंतींनिशी उभी आहे, लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो, कुणाची आणि कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं. परत आल्यावर पहिल्या रविवारी बाबांबरोबर जाऊन फोटो काढले आणि त्या घानाच्या मैत्रिणीला पाठवले. तिच्या गावचा किल्ला डचांनी 1637 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला. तिने संध्याकाळी त्याचे फोटो पाठवले, मागे तसाच समुद्र.