पुण्याच्या पेठांतले वाडे शोधताना: काय उरलंय आणि काय नुसतं नावापुरतं

नकाशावर 'बुधवार वाडा' असा ठिपका दिसला, तर त्याच्या मागे लागू नका. तिथे वाडा नाही. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा मे 1879 मध्ये आगीत गेला आणि त्यात असलेली नेटिव्ह जनरल लायब्ररीची पुस्तकंही गेली. त्याच जाळपोळीत विश्रामबागवाड्याची पूर्वेकडची बाजू जळाली. संशय आधी वासुदेव बळवंत फडक्यांच्या माणसांवर गेला, पण पुढे केशव रामचंद्र रानडे याचं नाव निघालं. एवढा सगळा इतिहास आहे, पण बुधवार चौकात उभं राहून बघायला म्हणाल तर रिक्षा, वायरी आणि कपड्यांची दुकानं. वाड्याचा एक चिरासुद्धा ओळखू येत नाही.

नेटवर फिरणाऱ्या 'पुण्यातले पाहण्यासारखे वाडे' या यादीची हीच गत आहे. जळालेले, पडलेले, पाडलेले आणि फक्त सोसायटीच्या पाटीवर उरलेले वाडे तिथे एकाच रांगेत बसवलेत. 'अमुक वाडा' नावाच्या निम्म्या इमारती म्हणजे चार मजली आरसीसी, खाली दुकानं, वर फ्लॅट. बिल्डरने मूळ मालकाचं नाव तेवढं ठेवलेलं असतं. शिवाय दर माणशी सातशे-आठशे रुपये घेऊन 'वाडा संस्कृती' दाखवणारे आहेतच. ते जे दाखवतात त्यातलं बहुतेक रस्त्यावरून फुकट दिसतं, आणि जे दिसत नाही तिथे त्यांनाही आत सोडत नाहीत. पैसे द्यायचेच असतील, तर आधी एकच प्रश्न विचारा: किती वाड्यांच्या चौकांत, म्हणजे आतल्या अंगणांत, नेणार? उत्तर गुळमुळीत आलं तर नको म्हणा.

पेठा बघण्याची रीत वेगळी आहे. इथे वाडा अख्खा मिळत नाही, तुकड्यांत मिळतो. म्हणून नजर आधी खाली टाकायची, मग वर. खाली जोतं, म्हणजे इमारतीचा दगडी चौथरा, बघा. घडीव काळ्या दगडाचे मोठे चिरे, सांध्यात चुना जेमतेम दिसेल इतके घट्ट बसवलेले, आणि त्यावर अचानक प्लास्टर, शटर किंवा काच सुरू झाली, तर जोतं जुनं आणि वरचं नवं. वर बघताना दुकानाच्या फलकाच्याही वर नजर न्या. लाकडी सज्जा, केळफुलासारखी खाली लोंबणारी कातीव टोकं, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब फलकांच्या मागे दडलेले असतात. रस्त्याच्या पलीकडून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. जवळ दुर्बीण असेल तर घ्या, चांगल्या मोबाइलचा झूमही चालतो.

तिसरी खूण कापलेल्या दर्शनी भागाची. शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता, लक्ष्मी रस्ता रुंद होताना बऱ्याच वाड्यांची पुढची ओसरी आणि दिंडी दरवाजा गेला. उरलेल्या भागाला सपाट भिंत लावून टाकली. अशा वाड्याचा चौक रस्त्याच्या मानाने फारच पुढे येतो, दरवाजातून दोन पावलांत तुम्ही थेट चौकात पोचता. मूळ वाड्यात असं कधी नसतं, आधी देवडी (दारातली पहारेकऱ्यांची जागा), मग ओसरी, मग चौक. दोन पावलांत चौक लागला, की समजा पुढचा भाग रस्त्याने खाल्लाय.

सुरुवात शनिवारवाड्यापासून केली तर सोयीचं, पण त्याच्यावर वेळ घालवू नका. पाया 10 जानेवारी 1730 ला घातला, वास्तुशांत 1732 ची. 1828 च्या आगीत आतला लाकडी महाल जळून गेला, आग सात दिवस धुमसत होती म्हणतात. 1919 ला तो संरक्षित स्मारक झाला. आता बघण्यासारखा आहे तो तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा. हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला बसवलेले टोकदार खिळे आणि वरचा नगारखाना. तट नीट बघा: खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. आत गवतात जोती आहेत आणि हजारी कारंज्याचं कमळाच्या आकाराचं कुंड. कारंजं का चालायचं हे कळलं तरच ते बघण्यात मजा आहे. नानासाहेबाच्या वेळी कात्रजला तलाव बांधून भुयारी नळातून पेठांतल्या हौदांना पाणी आणलं आणि त्याचा एक फाटा इथे आला. उतारावरून येणाऱ्या पाण्याचा दाब हेच त्याचं इंजिन. पंप वगैरे काही नव्हतं.

समोरचा लाल महाल यादीतून काढून टाका. मूळ लाल महाल शहाजीराजांनी बांधलेला, तो केव्हाच गेला. आजची इमारत महापालिकेने 1980 च्या दशकात मूळ जागेच्या एका भागावर बांधली. मुलांना दाखवायला ठीक. जुनं बांधकाम म्हणून मोजू नका.

नाना वाडा शनिवारवाड्याच्या समोरच. रस्त्यावरून जी दगडी इमारत दिसते ती इंग्रजी काळातली आहे. लोक तिचाच फोटो काढून 'पेशवाई वाडा' म्हणून टाकतात. फडणिसांचा वाडा आतल्या अंगाला. त्याच्या दिवाणखान्यात सुरूचे लाकडी खांब आहेत. दिवाणखाना उघडा मिळाला तरच थांबा, नाहीतर पुढे चला.

अप्पा बळवंत चौक, फरासखाना, हुजूरपागा, फडके हौद, साततोटी. ही नावं वाचत चालणं हाच पेठांचा खरा नकाशा आहे. अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचा वाडा जिथे होता तिथे आता पुस्तकांची दुकानं. हुजूरपागा ही पेशव्यांची घोड्यांची पागा, आज मुलींची शाळा. फरासखान्यात तंबू-राहुट्या, जाजमं ठेवायचे, आता पोलीस ठाणं. कात्रजच्या पाण्यावर चालणारे हौद बुजले तरी चौकांची नावं राहिली. फरासखान्याजवळ बाहुलीचा हौद मात्र अजून दिसतो, डॉ. विश्राम रामजी घोल्यांनी मुलीच्या आठवणीसाठी बांधलेला. दोन मिनिटं थांबून बघा, गर्दीत लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात.

आता शिवाजी रस्त्याबद्दल.

बुधवार चौक ते मंडई हा शिवाजी रस्त्याचा टप्पा जेमतेम अर्धा किलोमीटरचा आहे. सकाळी साडेसहाला सात-आठ मिनिटांत संपतो. अकरानंतर पाऊण तास धरा, आणि त्या पाऊण तासात तुम्हाला एकही वाडा दिसणार नाही. फुटपाथ आहे, पण तो चालण्यासाठी नाही. त्यावर दुकानाचा माल, मग हातगाडी, मग लावलेली दुचाकी, आणि पलीकडे दर्शनाची रांग. माणूस रस्त्यावर उतरतो तेव्हा मागून पीएमपीची बस येते. वर बघत चाललात तर खालून स्कूटर, खाली बघत चाललात तर छत्रीची तार डोळ्यात. कॅमेरा गळ्यात अडकवून हा टप्पा करणाऱ्याला शहाणा म्हणता येणार नाही.

आणि बघायचं असतं ते नेमकं याच टप्प्यात. दगडूशेठ मंदिरासमोर भिडे वाडा होता. 1 जानेवारी 1848 ला जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. वर्षानुवर्षं कोर्टात अडकलेली ती पडकी इमारत डिसेंबर 2023 मध्ये पाडली. जुन्या ब्लॉगमधले लाकडी खिडक्यांचे फोटो घेऊन इथे शोधत बसू नका, ती भिंत आता कुठेच नाही. स्मारकाच्या कामाबद्दल काय वाटायचं ते वाटो, पण इमारत 'अजून उभी आहे' असं सांगणारे लेख अजूनही वर येतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

पुढे बेलबाग चौक. नाना फडणिसांचं लक्ष्मीनारायणाचं मंदिर लक्ष्मी रस्त्यावरच आहे, पण दुकानांच्या फटीतून आत जायची वाट दिसत नाही. दोनदा पुढून निघून जाल. दुकानदाराला सरळ विचारा. तुळशीबागेतही तेच: नारो अप्पाजी खिऱ्यांनी उभं केलेलं राममंदिर बांगड्या-पिनांच्या गल्ल्यांमध्ये गुरफटलंय, पण उंच शिखरावर नजर ठेवून चाललात तर चुकत नाही.

मंडई हा या टप्प्याचा मोबदला. 1886 चं रे मार्केट, लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेलं, मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेले पंख. नगरपालिकेने इमारतीवर एवढा खर्च करू नये, शाळांवर करावा, असं ज्या जोतिराव फुल्यांनी सभागृहात सांगितलं, त्यांचंच नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने या इमारतीला मिळालं. आत दुपारी बाराच्या आधी शिरा, मनोऱ्याखाली मधोमध उभं राहून वर बघा. भाजीवाल्यांच्या वाटेत उभं राहू नका, धक्का बसेल आणि तो रास्तच असेल.

सगळ्यात चांगला उरलेला वाडा म्हणजे विश्रामबागवाडा, बाजीराव रस्त्यावर. 1807 चा, दुसऱ्या बाजीरावाचा. 1821 मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा सुरू केली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. जळालेला भाग वर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा बांधला. कोरीव सज्जा, केळफुलं, सुरूचे खांब हे सगळं इथे एका जागी मिळतं. म्हणून खरं तर हा आधी बघा आणि मग पेठांत फिरा, म्हणजे तुकडा दिसला की तो कशाचा ते कळेल. आम्ही शनिवारवाड्यापासून निघालो ती चूकच. विश्रामबागवाड्यातलं कोणतं लाकूड जुनं, कोणतं नवं हे ओळखायचं असेल तर तुळईच्या कडा बघा: जुन्या तासणीची कड हाताने उठलेली, किंचित लाटेसारखी असते. नवी सरळ, यंत्राने कापलेली.

नारायण पेठेतला केसरीवाडा सोपा आहे, सावलीत आहे, लोक नीट बोलतात. अर्धा तास पुरतो.

आत जाण्याबद्दल. पेठांतले बहुतेक वाडे लोकांची घरं आहेत. मुजुमदार, पुरंदरे, रास्ते ही नावं यादीत असली तरी ती तिकिटाची ठिकाणं नाहीत. दारातून डोकावून मोबाइल वर केला की हमखास आवाज येतो, 'काय हवंय?' आणि तो प्रश्न नसतो. दाराबाहेर थांबून, चप्पल काढायची तयारी दाखवत, 'काकू, चौक बघितला तर चालेल का? फोटो नाही काढत' एवढं म्हणा. दहातल्या चार ठिकाणी 'या' म्हणतात आणि दोन ठिकाणी आडाची, बळदाची (धान्य साठवायच्या जागेची) माहितीही मिळते. दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवू नका. विनोद म्हणून नाही, खरंच झोपलेले असतात.

भिंतींबद्दल मात्र गंमत नाही. वाड्याचा खालचा मजला दगड-चुन्याचा, वरचा लाकडी सांगाडा आणि त्यात मातीच्या विटा. कौलं फुटली, पन्हळ तुंबली की पाणी वरून मातीत मुरतं, माती फुगते, गिलावा फुटतो आणि तुळईचं भिंतीत बसलेलं टोक कुजतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि एका पावसात भिंत बसते. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं: पाण्याने माती विरघळली, सांगाडे उरले. त्यानंतर पाडकामाची जी लाट आली ती थांबलीच नाही. भाडेकरू जुन्या भाड्यावर, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, म्हणून सगळे पडायची वाट बघत बसलेले. लोखंडी किंवा लाकडी टेकू, महापालिकेची 'धोकादायक इमारत' पाटी, किंवा भिंतीचं पोट पुढे आलेलं दिसलं तर सज्जाखाली उभं राहून फोटो काढू नका. पावसाळ्यात तर पलीकडच्या फुटपाथवरूनच.

प्रत्यक्ष आखणी अशी: रविवार, सकाळी साडेसहा. विश्रामबागवाडा बाहेरून, मग तुळशीबाग, बेलबाग, बुधवार, आणि शनिवारवाडा सर्वात शेवटी. तिथे पोचेपर्यंत वाटेत कुठेही उलटं फिरू नका. शटरं बंद असताना जोती दिसतात, उघडली की माल बाहेर येतो आणि खालचे चिरे झाकले जातात. साडेनऊला विश्रामबागवाड्याच्या आतल्या भागासाठी परत या. मेट्रोने आलात तर उतरायला मंडई, शनिवारवाड्यावरूनच परतायचं असेल तर कसबा पेठ. दोन्ही जमिनीखाली आहेत, बाहेर पडायला वेळ धरा. रिक्षावाला पेठांत 'आत जात नाही' म्हणून जादा मागतो. देऊ नका, एकूण अंतर तीन किलोमीटरच्या आत आहे. पाण्याची बाटली भरून घ्या. स्वच्छतागृह मंडईत आहे, पण शक्य असेल तर निघतानाच उरका. गणपतीच्या दहा दिवसांत आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हे सगळं विसरा. रास्ता पेठ वेगळ्या सकाळी, कारण मंडईपासून ती लांब पडते आणि रास्ते वाड्याच्या दारात जास्तीत जास्त वीस मिनिटं जातात.