स्कीच्या गॉगलची काच: पुण्याच्या हवेत तिची निगा आणि चरे पडल्यावरचा निर्णय

पुण्यातून हिवाळ्यात गुलमर्ग, औली किंवा सोलंगला स्की शिकायला जाणारे जे लोक स्वतःचा गॉगल विकत घेतात, त्यांचा तो गॉगल वर्षातून जेमतेम दोनेक आठवडे बर्फात असतो आणि उरलेला सगळा काळ घरातल्या माळ्यावर किंवा कपाटात पडून असतो. आमच्या गिर्यारोहण गटाचे सामान मोसमाआधी तपासण्याचे काम माझ्याकडे असते. त्या कामातून माझे असे ठाम मत झाले आहे की, बर्फात पडल्याने जितके गॉगल खराब होतात त्याहून कितीतरी अधिक गॉगल चुकीच्या पुसण्याने आणि चुकीच्या साठवणीने वाया जातात. हे नुकसान टाळता येण्यासारखे असते, म्हणूनच ते पाहून हळहळ वाटते.

काळजी कशी घ्यावी हे कळण्यासाठी आधी रचना समजून घ्यावी लागते. स्कीच्या चांगल्या गॉगलला एकामागे एक अशा दोन काचा असतात. काच म्हणायची, पण प्रत्यक्षात दोन्ही प्लॅस्टिकच्या असतात. बाहेरची पॉलिकार्बोनेटची असते. ती आघात उत्तम सोसते, मात्र तिचा पृष्ठभाग खऱ्या काचेच्या मानाने मऊ असल्यामुळे तिच्यावर चरे लवकर पडतात. आतली बहुधा सेल्युलोजपासून बनवलेल्या प्लॅस्टिकची असते. दोहोंच्या मध्ये कडेने फोमची पट्टी चिकटवून हवेचा पातळ थर कोंडलेला असतो, आणि त्या थरामुळे आतली काच बाहेरच्या थंडीने फारशी गार पडत नाही व चेहऱ्याची वाफ तिच्यावर सहजासहजी धरत नाही. शिवाय आतल्या काचेच्या चेहऱ्याकडील बाजूस वाफरोधक लेप असतो. हा लेप पाणी झिडकारत नाही, उलट ते शोषून घेऊन पृष्ठभागावर सारखे पसरवतो, त्यामुळे थेंब तयार होत नाहीत आणि नजर धूसर होत नाही. परंतु पाणी शोषलेल्या अवस्थेत हाच लेप अतिशय मऊ झालेला असतो. अशा वेळी त्यावरून हातमोजा किंवा रुमाल एकदा जरी जोराने फिरला, तरी लेप ओरबाडला जातो आणि तेवढ्या जागी पुढे कायम वाफ धरत राहते.

म्हणून आतल्या बाजूचा नियम एकच आहे: ती घासायची नाही. पडल्यामुळे आत बर्फ शिरला तर गॉगल उलटा करून झटकावा, उरलेले पाणी गॉगलबरोबर मिळालेल्या मऊ पिशवीने नुसते टिपून घ्यावे आणि मग तो सावलीत, मोकळ्या हवेत वाळू द्यावा. दम लागल्यावर गॉगल कपाळावर किंवा लोकरी टोपीवर चढवण्याची सवय सर्रास दिसते. तीही सोडावी, कारण कपाळाचा घाम थेट फोममध्ये आणि हवा खेळण्याच्या छिद्रांमध्ये मुरतो व गॉगल पुन्हा डोळ्यांवर घेताच आत वाफ दाटते. गुलमर्गच्या गोंडोलातून, म्हणजे तारेवरच्या पाळण्यातून, वर जाताना किंवा विश्रांतीला बसल्यावर गॉगल डोळ्यांवरच असू द्यावा, नाहीतर पूर्ण काढून जाकिटाच्या कोरड्या आतल्या खिशात ठेवावा. संध्याकाळी खोलीत आल्यावर तो बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, टांगण्याचा मोह आवरायला हवा. केस वाळवण्याचे यंत्रही त्यावर चालवू नये. दोन्ही काचांची प्लॅस्टिके वेगवेगळी असल्यामुळे उष्णतेने त्या कमीअधिक प्रसरण पावतात, मधल्या पट्टीचा गोंद सुटू लागतो आणि बाहेरच्या आरशासारख्या थराला पापुद्रे येऊ शकतात.

बाहेरची बाजू पुसायला हरकत नाही, पण पुसण्याआधी धूळ काढणे आवश्यक आहे. पुण्यात ठिकठिकाणी चाललेल्या बांधकामांची धूळ घरात येतेच. तिच्यातील वाळूचे कण पॉलिकार्बोनेटपेक्षा कितीतरी कठीण असतात आणि कापडाखाली सापडले की ते पॉलिश कागदासारखे काम करतात. त्यामुळे प्रथम फुंकर मारावी किंवा मऊ ब्रशने धूळ झटकावी. डाग उरलाच तर साध्या पाण्याने ओलसर केलेल्या मायक्रोफायबरच्या कापडाने अलगद टिपावे आणि ते पाणी आत शिरू देऊ नये. ते कापड किंवा पिशवीही मधूनमधून सौम्य साबणाने धुवावी. कपडे मऊ करणारे द्रव मात्र वापरू नयेत, कारण त्यांचा तवंग काचेवर उमटतो. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. खिडक्यांच्या काचा पुसायचा अमोनियायुक्त द्रवही त्याला मानवत नाही. सनस्क्रीन किंवा डासांचे मलम लागलेल्या बोटांनी काच धरू नये, कारण डास पळवणाऱ्या मलमांतील डीट हे रसायन अनेक प्लॅस्टिकांवर परिणाम करते. आपल्याकडे चष्म्याच्या दुकानात चष्मा ध्वनिलहरींच्या यंत्रातल्या पाण्यात बुडवून साफ करून देतात, आणि चष्म्यासाठी ते योग्यही आहे. परंतु स्कीचा गॉगल तिथे कधीही देऊ नये, कारण पाणी दोन काचांच्या मध्ये शिरण्याचा आणि फोम भिजून राहण्याचा धोका असतो.

आता पुण्याच्या हवेविषयी. एप्रिल-मेमध्ये स्लॅबला लागून असलेला माळा अक्षरशः भट्टी होतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा दमट असते. गॉगलच्या चेहऱ्याकडील फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि उष्णता व ओलावा मिळून त्याचे हळूहळू विघटन करतात; आधी तो चिकट होतो, मग त्याचा भुगा पडू लागतो. घामाचे क्षार तसेच राहिलेले असतील तर बुरशीही धरते. म्हणून सहलीहून परत आल्यावर फोम ओल्या फडक्याने हलकेच पुसून, पूर्ण वाळवून मगच गॉगल ठेवावा. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडला जातो, म्हणून टणक डबी घ्यावी, तीत कापडी पुरचुंडीत बांधलेले, ओलावा शोषणारे सिलिका जेल काचेला लागणार नाही असे ठेवावे आणि डबी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. रंग बदलणारे सिलिका जेल मिळाले तर उत्तम, कारण ते केव्हा तापवून पुन्हा कोरडे करायचे हे पाहताच कळते. एक गोष्ट आवर्जून सांगतो: लोकरी कपड्यांच्या बॅगेत डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे आणि गॉगल नेमका त्याच बॅगेत ठेवला जातो. त्या गोळ्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिके मऊ पडतात, तेव्हा गॉगलची जागा वेगळीच असावी.

इतके करूनही चरे पडतात. तेव्हा घाबरून टूथपेस्ट चोळण्याचा जो उपाय सुचवला जातो, त्याला माझा पूर्ण विरोध आहे. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. त्यांनी चरा भरत नाही, उलट भोवतालचा लेप आणि आरशाचा थर निघतो व एका रेघेच्या जागी एक धूसर पट्टा तयार होतो. त्याऐवजी गॉगल खिडकीपाशी उजेडात धरून चरा कोणत्या बाजूला आणि कुठे आहे, हे नीट पाहावे. अतिनील किरण अडवण्याचे काम पॉलिकार्बोनेट स्वतःच करत असल्यामुळे वरवरच्या चऱ्याने ते संरक्षण जात नाही, ही खात्री बाळगावी. कडेचा चरा तसाच राहू द्यावा. मात्र नजरेच्या मध्यावर आलेला चरा तिरप्या उन्हात प्रकाश विखुरतो, आणि ढगाळ दिवशी, जेव्हा बर्फावरचे उंचवटे आधीच नीट उमगत नाहीत, तेव्हा तो विशेष त्रास देतो; अशी काच बदलावी. आतल्या बाजूचा लेप डागाडागांनी गेला असेल तर वाफरोधक फवारे काही तासांपुरते उपयोगी पडतात, त्यापलीकडे नाही.

दोन काचांच्या मध्ये बाष्प दिसले, तर डबीत भरपूर सिलिका जेल घालून गॉगल काही दिवस तीत ठेवावा. ते जाऊन पुन्हा आले, तर कडेची पट्टी सुटली आहे असे समजावे. उंचीचाही येथे संबंध येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तर गुलमर्गचा गोंडोला सुमारे ३,९८० मीटरपर्यंत नेतो, आणि तेथे हवेचा दाब पुण्याच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असतो. मध्ये कोंडलेली हवा त्यामुळे फुगू पाहते व पट्टीवर ताण येतो. तो ताण घालवण्यासाठी काही गॉगलांच्या काचेला एक बारीक सच्छिद्र बूच बसवलेले असते. ते घाण समजून टाचणीने टोकरू नये.

तडा गेला असेल तर विचार करण्यासारखे काहीच उरत नाही. अशी काच पुढच्या आघाताला डोळ्यासमोरच फुटू शकते. नवी काच घेताना गॉगलच्या नेमक्या मॉडेलचे नाव आणि आकार पाहावा लागतो. ही काच साच्यातून विशिष्ट वक्रतेची बनवलेली असते, त्यामुळे चष्म्याच्या नंबराप्रमाणे ती आपल्या भागातल्या दुकानात घासून मिळत नाही. दुसरी काच घ्यायचीच असेल तर ती वेगळ्या श्रेणीची घ्यावी असे मी सुचवीन: लख्ख उन्हासाठी ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडणारी तिसऱ्या श्रेणीची, आणि ढगाळ किंवा बर्फ पडत असलेल्या दिवसासाठी ४३ ते ८० टक्के प्रकाश सोडणारी पहिल्या श्रेणीची.

डोंगरावरच काच फुटली आणि जवळ दुसरी नसली, तर उघड्या डोळ्यांनी उरलेला दिवस काढू नये. उंचीच्या दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, ताजा बर्फ त्यांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, आणि हिमांधत्वाची, म्हणजे या किरणांनी डोळे भाजल्याची, आग व पाणी गळणे काही तासांनंतर सुरू होत असल्यामुळे त्या वेळी काहीच जाणवत नाही. बाजूने झाकलेला गडद उन्हाचा चष्मा पिशवीत असावा, किंवा भाड्याचा गॉगल घ्यावा आणि घेण्याआधी त्याच्या आतल्या काचेवर तोंडाची वाफ सोडून लेप शाबूत आहे की नाही ते पाहावे. घरी आल्यावर तडा गेलेली काच फ्रेममधून काढून लगेच टाकून द्यावी आणि फ्रेम व पट्टा तेवढा ठेवावा, म्हणजे पुढच्या डिसेंबरात घाईने सामान भरताना तोच गॉगल चुकून गटातल्या एखाद्या नवशिक्याच्या हाती जाणार नाही.