‘कुणाचं हो, सिस्टर?’

गुरुवार, रात्री पावणेअकरा.

पाटल्या अजून टेबलावरच आहेत. नात वेळेआधी झाली, ती नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. तिथे आत जायचं तर कोपराखाली काही चालत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी साबण लावून उतरवल्या. लेकीच्या, मनूच्या, बारशाला यांनी केलेल्या. तेव्हापासून निघाल्याच नव्हत्या. मनगटावर पांढरट वळ राहिलाय आणि मी उगाच त्याच्यावरून बोट फिरवत बसलेय.

पण लिहायला बसले ते पाटल्यांवर नाही. रविवारी मी सिस्टरना एक प्रश्न विचारला. दातात बडीशेप अडकावी आणि जीभ सारखी तिथेच जावी, तसं झालंय चार दिवस.

सकाळी नऊचं फीडिंग होतं. फीडिंग म्हणजे काय, तर तोंडातून पोटात गेलेली एक बारीक नळी. तिला बिनसुईची सिरिंज लावायची आणि वर धरून ठेवायची. दूध आपलं आपण खाली उतरतं. तीन मिली. आपल्या औषधाच्या चमच्यात पाच मावतात. सिरिंजवर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेले कसलेसे आकडे. मनूला तर अजून थेंब नव्हता. ती वर तिसऱ्या मजल्यावर, बीपीच्या सलाइनखाली, अर्धवट गुंगीत. मग मी विचारलं, “कुणाचं हो, सिस्टर?”

“आईचं, काकू,” म्हणाल्या आणि पुढच्या बाळाच्या काचेच्या पेटीकडे गेल्या.

आवाज चढला नव्हता, कपाळाला आठी नव्हती. पण जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. बघितलं असं मला वाटलं. मास्कवरून काय कळतंय म्हणा.

मला नेमकं काय विचारायचं होतं? देणारी बाई निरोगी आहे ना, तिच्या तपासण्या झाल्यात ना, एवढंच विचारायचं होतं, असं मी परवापर्यंत स्वतःला सांगत होते. पण मग ‘तपासलेलं आहे ना?’ असं विचारलं असतं. मराठी येतं मला. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय. ‘कुणाचं’ हा प्रश्न आपल्याकडे कुठे कुठे विचारतात आणि त्याला उत्तर म्हणून काय अपेक्षित असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. नवीन मुलगी वर्गात आली की स्टाफरूममध्ये हाच प्रश्न यायचा, कुणाची गं? आडनाव ऐकून मान हलवायच्या बायका. मी हलवत नसे. मी त्यातली नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की यांना पाठ झालंय.

तर मग?

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी आधीच राग आलेला होता. दूध मिल्क बँकेतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं, द्यायचं हे ठरलं, कागदावर विनूने सही केली, आणि मला कळलं केव्हा, तर सिरिंज वर धरली तेव्हा. मला विचारायचं काही कारण नव्हतं, मान्य. आई मनू आहे, बाप विनू आहे. पण महिनाभर आधीपासून डिंक आणून ठेवला, हळीव निवडले, खारकांची पूड केली, ती आईची आई. एकतिसाव्या आठवड्यात सगळं उधळलं. आता मनूला मीठ बेताचं, तूप बेताचं, आणि लाडवांचा डबा हे रात्री चोरून उघडतात. पाचवी तर झालीच नाही. पाटा पुजायचा कुठे, मॉनिटरसमोर? मी काय, डबा पोचवायचा, रिकामा डबा आणायचा, बाकड्यावर बसायचं. त्या खोलीत सगळ्यांना काही ना काही काम होतं. तीन मिलीमध्येसुद्धा माझं काही नव्हतं.

असं लिहिलं की बरं वाटतं. पण ते उत्तर नव्हे.

रात्री आक्काचा फोन. “बाहेरचं दूध पाजताय म्हणे?” मी तिला अशी फाडली की बिचारीने ठेवूनच दिला. बाहेरचं म्हणजे काय, ते काय वडापाव आहे का, कुठल्या काळात राहतेस तू! फोन खाली ठेवला आणि हसू आलं, ते काही चांगलं हसू नव्हतं. आक्काने सरळ तोंडाने विचारलं तेच मी सकाळी ‘हो’ लावून विचारलं होतं.

मंगळवारी मनूला चार थेंब आले. अक्षरशः थेंब, पिवळेजर्द. ते एवढ्याशा वाटीतून मलाच खाली मिल्क बँकेत न्यायला सांगितलं. जिन्यावरून मी अशी उतरले की हातात गंगा आहे. तिथल्या मॅडम बोलक्या निघाल्या. मी आडून आडून विचारलं, म्हणजे पुन्हा तेच विचारलं, फक्त या वेळी शहाण्यासारखं.

त्यांनी सगळं दाखवलं. दूध येतं ते खालच्या बाळंतिणींच्या वॉर्डमधून. ज्यांचं आपल्या बाळाला पुरून उरतं, त्या देतात. आधी रक्त तपासतात, एचआयव्ही, कावीळ ‘ब’, गुप्तरोग. पैसे कुणालाच मिळत नाहीत. मग तीन-चार जणींचं एकत्र करतात, ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, लगेच थंड करतात, त्यातला नमुना प्रयोगशाळेत जातो. जंतू निघाले तर अख्खी तुकडी ओतून देतात. चांगलं असेल ते उणे २० अंशांवर, तुकडीचा नंबर घालून. चिकटपट्टीवरचे आकडे ते. वेळेआधी आलेल्या बाळांची आतडी इतकी कच्ची असतात की पावडरच्या दुधाने सुजायची, सडायचीसुद्धा भीती, म्हणून हा सगळा खटाटोप.

तीन-चार जणींचं एकत्र! म्हणजे सिस्टरनी मनात आणलं असतं तरी त्यांना ‘कुणाचं’ हे सांगता आलं नसतं. माझ्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. कोण कोण असतील त्या, आणि एका पातेल्यात.

“आणि कधी कधी,” मॅडम म्हणाल्या, “ज्यांचं बाळ राहिलं नाही, त्याही देतात. दूध तर येतंच ना.” मी बाटल्यांवरचे आकडे वाचत राहिले.

येतं. नव्वद साली आलं होतं. ते असो.

पण ब्याण्णवचं लिहायला हरकत नाही. मनूच्या वेळी मला इतकं दूध यायचं की ब्लाऊज दिवसाला चार. गाठी व्हायच्या, ताप भरायचा. काचेचा पंप होता, रबरी फुग्याचा, त्याने काढून टाकायचं. सासूबाई म्हणायच्या, मोरीत ओतू नको गं, पायाखाली येतं. म्हणून खिडकीतल्या अळूच्या डब्यात. त्या वर्षी अळू काय माजलं होतं! चाळीत सगळ्यांनी फदफदं खाल्लं. आणि तेव्हा आम्ही चुनाभट्टीला. सायन हॉस्पिटल चालत गेलं तर अर्धा तास. तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मिल्क बँक काढली होती, आशियातली पहिली. हे मला आज कळतंय, दुसऱ्या गावात, दुसऱ्या शतकात. मॅडम सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे तो डालड्याचा डबा आणि त्यातली हातभर पानं.

मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरंच. पण सांगितलं असतं तर मी विचारलं असतं का, की हे कुणाला देणार? कुणाच्या बाळाला? बहुतेक विचारलं असतं. ‘हो’ लावून.

धाराऊ आठवली. भोरला माहेरी जाताना कापूरहोळचा फाटा यायचा आणि वडील न चुकता सांगायचे, ही धाराऊची जागा, हिने संभाजीराजांना पाजलं. दर खेपेला. आम्ही मुली कंटाळायचो, तोंडं फिरवायचो. पण नाव राहिलं ना तिचं, साडेतीनशे वर्षं. आमच्या छोटीच्या धाराऊंची नावं नाहीत, तुकडीचा नंबर आहे. बुधवारी मी तो हातावर लिहून आणला. कशाला, ते मला विचारू नका. हात धुवायच्या वेळी दोन मिनिटं घासून घासून धुतला, तेव्हा गेला.

हं. आता आजचं.

आज विनूला कामावर जावंच लागलं, आणि मनूला अजून खाली आणत नाहीत. सिस्टर मला म्हणाल्या, “काकू, तुम्ही कांगारू देता का?” मला वाटलं, खेळणं मागतायत.

तर ते असं. पुढून बटणांचा गाऊन. छोटी नुसत्या लंगोटात, डोक्याला टोपी, पायात मोजे. तिला उभी आपल्या छातीवर ठेवायची, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे, वरून आपलाच गाऊन आणि एक पट्टा. मग हलायचं नाही. किमान एक तास. शक्य तर दिवसातले आठ तास, सगळ्यांनी मिळून. विनू चार दिवस देतोच आहे. त्याच्या छातीवरच्या केसांत तिचं नाक जातं म्हणून सिस्टर त्याला हसतात. त्याला सगळं फोनवर शोधायची खोड. कोलंबियात, बोगोटाला, १९७८ साली पेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत दोन-दोन तीन-तीन बाळं, एकाचा संसर्ग दुसऱ्याला. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं पेटीतून काढून आयांच्या अंगाला बांधली. यंत्र नाही म्हणून माणूस. आणि आता उलटं झालंय, पेट्या आहेत तरी हेच करा म्हणतात. २०२१ साली मोठा अभ्यास छापून आला, भारतात आणि आफ्रिकेतल्या चार देशांत, जन्मल्यापासून लगेच कांगारू दिलं तर मृत्यू पंचवीस टक्क्यांनी… लिफ्टमध्ये सांगत होता. तो शब्द तोंडातून गेला आणि गप्प झाला. मग मजल्यांचे आकडे बघत राहिलो दोघं.

ठेवली तिला माझ्या अंगावर. एक किलो चारशे दहा. अर्धा लिटरच्या तीन पिशव्यांपेक्षाही हलकी. पहिली दहा मिनिटं मी श्वाससुद्धा मापून घेतला. मग तिचे हात आधी थंड लागत होते ते लागेनात. मॉनिटरवरचा आकडा मघापासून उड्या मारत होता, तो जागेवर आला. मी साठीची, रक्तदाबाची गोळी घेणारी, गुडघे गेलेली, आणि मला काम मिळालं. काम काय, तर कोमट राहायचं.

अकराचं फीडिंग माझ्या अंगावरच झालं. आता बारा मिली. पैकी चार मनूचं, बाकी नंबरवालं. सिरिंज वर धरलेली, दूध उतरताना मला समोरच दिसत होतं, पांढरं, मग जरा निळसर. सिस्टर त्याच, रविवारच्या. एवढ्या जवळ उभ्या की आता बोललं नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. म्हटलं, “सिस्टर, परवा मी तुम्हाला ते विचारलं ना, त्याचं मनावर घेऊ नका हं. मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“काय विचारलं, काकू?”

“ते… दुधाचं. कुणाचं म्हणून.”

त्यांनी जरा वेळ आठवून बघितलं. खरंच बघितलं, डोळे बारीक करून. “रविवारी? रविवारी मला नऊ बाळं होती हो,” म्हणाल्या. सिरिंज रिकामी झाली, नळीला टोपण लावलं. “आणि बोलू नका. तुम्ही बोललात की छाती हलते, मग ती दचकते.”

मी गप्प. नाकाला खाज सुटली होती. बारा वाजायला अजून पस्तीस मिनिटं होती.