तुम्ही विचारलंत म्हणून: पळून देव भेटतो का?

उपकेंद्रातली नर्स पहाटे पळते म्हणून गावातले विचारतात, त्याचं मला काही वाटत नाही. “सिस्टर, काहून पळून रायल्या वो? मांगं कुत्रं लागलं काय?” मी हसते, तेही हसतात. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर पळणारं माणूस म्हणजे भरतीचं पोरगं. पोलीस भरतीत पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे. माझं वय त्यातलं नाही हे लांबूनही दिसतं, त्यामुळे विषय तिथंच संपतो.

चर्चमधल्यांचा प्रश्न मात्र संपत नाही. “पळून देव भेटतो का?” कोणी काळजीनं विचारतं, कोणी टोमणा म्हणून. पाळकीणबाईंना तर साक्षच हवी आहे. महिला मंडळाच्या सभेत उभं राहून सांगायचं, प्रभूनं पळण्यातून मला कसं बरं केलं ते. साक्ष कशी असते ते तुम्हालाही पाठ आहे: आधी अंधार, मग प्रभू, मग हालेलुया. माझ्याकडे तिन्ही आहेत, पण या क्रमानं नाहीत.

भाऊ २०१७ मध्ये गेला. तुम्ही मातीला आला होतात. जे बघितलं नाहीत तेवढंच सांगते.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली होती. फवारा झाडावर कमी आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर जास्त येत होता. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली. संध्याकाळी भाऊ फवारणी करून माझ्या दारात येऊन बसला. “ताई, डोळ्यापुढं धुवारी आल्यावानी होऊन रायलं.” मी बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तोंडातून लाळ, अंगाला घाम, शर्ट औषधानं चिंब. मी कात्रीनं शर्ट कापून काढला आणि न्हाणीत बसवून त्याला साबणानं धुतलं, कारण हे विष कातडीतूनही जात राहतं. तो लाजत होता. “राहू दे ना ताई, मी करतो.” हात थरथरत होते त्याचे.

दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, सुरू झालं. अ‍ॅट्रोपिन लागू पडलं की तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, छातीतली घरघर कमी होते. मी तेच बघत बसले होते. बाहुल्या मोठ्या झाल्या. मला वाटलं, जिंकलो. पण त्या विषानं श्वासाचे स्नायूच लुळे पडतात आणि त्यावर अ‍ॅट्रोपिन चालत नाही. मग व्हेंटिलेटर. बाहेर व्हरांड्यात चर्चच्या मंडळीची उपास-प्रार्थना चालली होती. मीही करत होते, दोन डोसांच्या मधल्या वेळात.

माती झाली. घरी प्रार्थनेला सगळे जमले. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मंडळीतले एक ज्येष्ठ पंच कप उचलता उचलता म्हणाले, “सिस्टरनं औषधावर जरा जास्तच भिस्त ठेवली.”

त्यांच्या मनात वाईट नव्हतं, असं मला तेव्हापासून सगळे सांगतात. नसेल. मी पुढच्या माणसाला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पांदणीनं चालायला निघाले आणि मध्येच पळायला लागले. चपलेत, ओढणी कमरेला बांधून. बरगडीखाली कळ येईपर्यंत पळाले आणि धुऱ्यावर बसून ओकले. त्या दिवशी देव वगैरे काही भेटला नाही. निव्वळ राग होता.

आधीची मी हे वाचलं असतं तर नाक मुरडलं असतं. ती संडे स्कूलला शिकवायची: शरीर आज आहे उद्या नाही, आत्म्याचं बघा. तिला मी आता विचारते, बाई गं, मग प्रभू शरीर धरून कशाला आला? ती म्हणते, मुद्दा टाळू नकोस, तू उपासनेत पाठीमागच्या बाकावर बसतेस आणि गाणं म्हणत नाहीस. बरोबर आहे. म्हणत नाही. तोंड उघडलं की ते वाक्य आठवतं.

पळताना मात्र म्हणता येतं. लांबलचक प्रार्थनेला दम पुरत नाही. ‘प्रभू येशू’ आत घेताना, ‘दया कर’ सोडताना, एवढीच बसते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठांतले साधू अशीच श्वासावर प्रार्थना करत आलेत, हे मला फार उशिरा कळलं. मी काही शोधून काढलं नव्हतं, दम लागला होता. आमचे डॉक्टर म्हणतात, “सिस्टर, ते एंडॉर्फिन.” म्हणजे पळताना अंगात तयार होणारं, बरं वाटायला लावणारं रसायन. असेल की. पण तेवढ्यानं देवाचा पत्ता कटतो कसा, हे त्यांनी सांगितलं नाही.

एक जण म्हणाले, हे वारीसारखं झालं, ख्रिस्ती माणसाचं नव्हे. हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांना पूल चालला, मग मला पांदण का नको?

मला धरून ठेवते ती बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट. त्याच्या प्रार्थनेनं कर्मेल डोंगरावर उतरलेला अग्नी आपण सांगतो आणि पुढचं गाळतो. तो अहाब राजाच्या रथापुढं इज्रेलपर्यंत पळाला आणि लगेच पुढच्या अध्यायात झुडपाखाली पडून म्हणाला, पुरे, आता माझा जीव घे. देवदूतानं त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. आपल्याकडच्या गोवरीवरच्या रोडग्यासारखंच काहीतरी असणार ते. त्या भाकरीनं एलीयाचं दुःख गेलं असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. पुढं चालण्याइतकं बळ आलं. मला पळून तेवढंच मिळतं, आणि तेही त्या दिवसापुरतं.

रविवारी पहाटे पळते म्हणून ब्रिटिश धावपटू एरिक लिडलचा फॉरवर्ड मला किती जणांनी पाठवला! १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, रविवारी होती आणि रविवार देवाचा, म्हणून त्यानं शंभर मीटर सोडली आणि चारशेचं सुवर्ण घेतलं. खरं आहे. फॉरवर्ड तिथं संपतो. पुढं तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या छावणीत मेंदूतल्या गाठीनं वारला. त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांचा विश्वास कमी पडला होता का? हे विचारलं की ग्रुपवर सगळे हात जोडलेली इमोजी टाकतात.

बरी झाले का? फवारणीच्या दिवसांत मी आजही पांदणीनं जात नाही. कपाशीवरून तो वास आला की पोटात ढवळतं, मग शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळाकडेनं जाते. रोही, म्हणजे नीलगायी, आडवे येतात, खडीवर पाय मुरगळतो. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरते, तेव्हा पळणं कसलं, पाय उपसणं. काही पहाटे देव अगदी जवळ असतो. काही पहाटे कोणीच नसतं आणि मी नुसती घामाघूम होऊन परत येते. याची साक्ष कशी द्यायची ते पाळकीणबाईंनी सांगावं.

ते पंच हल्ली उपकेंद्रात बीपी तपासायला येतात. परवा शुगरही वाढलेली निघाली. पट्टा सोडवत होते तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “सिस्टर, म्या बी पळू काय?” मी म्हटलं, पळू नका, गुडघे जातील. रोज अर्धा तास चाला, चपलेत नाही, बूट घालून. आणि गोळी चुकवू नका. गोळीवर भिस्त ठेवा, असं अगदी ओठावर आलं होतं. बोलले नाही. बोलायला हवं होतं, असं अधूनमधून वाटतं.